दिसणं, पाहणं, दाखवणं

मी जबलपुरात रिछाईला राहतो. अधारतालजवळची ही औद्योगिक वसाहत. पत्र्याच्या शेड, गोदामं, वजनकाटे, रस्त्याकडेला उभ्या ट्रकांच्या रांगा. वडील कारखान्यातल्या नोकरीपायी विदर्भातून इकडे आले आणि आम्ही इकडचेच झालो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. त्यामुळे लहानपणी एकाच प्राण्यासाठी माझ्याजवळ तीन शब्द होते. आईच्या गोष्टीत अस्वल, शाळेच्या पुस्तकात भालू आणि घराच्या पत्त्यात रीछ. रिछाई या नावात मला रीछ ऐकू येतो, ही माझ्या कानाची खोड असेल, पण ती गेली नाही. पुढे कळलं की जुन्या मराठीतही या प्राण्याला रीस म्हणत, आणि रीछ काय, रीस काय, दोन्ही संस्कृतातल्या ‘ऋक्ष’ची लेकरं. ऋक्ष म्हणजे अस्वल आणि ऋक्ष म्हणजे तारासुद्धा. इतके शब्द जवळ असून मोकळ्या रानातलं अस्वल मी कधी पाहिलं नव्हतं. अजूनही पाहिलेलं नाही. या लेखाला निमित्त झालं ते त्या न दिसण्याचंच. लेख मात्र पुस्तकांविषयी आहे.

गेल्या चैत्रात मी सातपुडा व्याघ्र प्रकल्पात पायी सफारीला गेलो. जबलपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं, नरसिंहपूर, गाडरवारा, पिपरिया मागे टाकायचं आणि सोहागपूरला उतरायचं. तिथून मढई. तवा धरणाचं पाणी देनवा नदीत मागे चढलेलं आहे, ते नावेनं ओलांडलं की राष्ट्रीय उद्यान. मध्य भारतातल्या बहुतेक व्याघ्र प्रकल्पांत पर्यटकाला जीपमधून खाली पाय टाकू देत नाहीत. सातपुड्यात ठरलेल्या वाटांवर वाटाड्या आणि वनरक्षक यांच्यासोबत पायी हिंडता येतं. आमची तुकडी सहा जणांची होती. मी, आणखी दोन पाहुणे, दुर्बीण घेतलेला एक तरुण निसर्गमार्गदर्शक, काठी घेतलेला वनरक्षक आणि सगळ्यांच्या पुढे साठीच्या आसपासचे एक गोंड गृहस्थ. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणू लागलो.

मोहाचा हंगाम होता. मोहाची फुलं पहाटे गळतात. ती खायला अस्वल येतं, म्हणून अस्वल पाहायचं तर हेच दिवस, असं मला सांगण्यात आलं होतं. आम्ही उजाडता उजाडता निघालो. एकामागे एक, बोलायचं नाही, दादांनी हात वर केला की थांबायचं. पहिल्या तासात त्यांनी चार वेळा हात वर केला. एकदा वाटेवरच्या धुळीत एक पाऊल होतं, जवळजवळ माणसाच्या अनवाणी पावलासारखं, फक्त बोटांच्या पुढे काही अंतरावर नखांची टोकं रुतलेली. एकदा मोहाच्याच फुलांनी भरलेली विष्ठा. एकदा अर्जुनाच्या खोडावर वर वर गेलेले ओरखडे आणि उंचावर रिकामं मधाचं पोळं. आणि शेवटी एक वारूळ, बाजूनं फोडलेलं. दादा त्याच्यापाशी बसले, भोकाच्या आत दोन बोटं घातली, माती चोळली आणि हळूच म्हणाले, ‘‘रात का है. दीमक ने अभी लीपना शुरू किया है.’’ मी वाकून पाहिलं. फुटलेल्या कडेला वाळवीनं ओल्या मातीचा पातळ काठ बांधायला घेतला होता. हे मला आपणहून कधीच उमगलं नसतं.

त्या रात्री खोलीवर मी डायरीत लिहिलं, ‘पाऊल दिसलं. झाडावर ओरखडे दिसले. वारूळ उकरलेलं दिसलं, रात्रीचं असावं. अस्वल दिसलं नाही.’

घरी परतल्यावर हीच चार वाक्यं मला खुपू लागली. त्यांत व्याकरणाची चूक नाही, घडलेल्यापेक्षा वेगळंही काही नाही. तरीही ती खोटी आहेत. कारण यातलं काहीही मला ‘दिसलं’ नव्हतं, ते मला दाखवलं गेलं होतं.

मराठीत डोळ्यांच्या कामाला तीन क्रियापदं आहेत आणि तिन्हींची वागणूक वेगळी. ‘दिसणं’मध्ये कर्तेपण वस्तूकडे जातं आणि पाहणारा ‘मला’ होऊन बाजूला बसतो. हा ‘मला’ गाळला तरी वाक्य उभं राहतं. पाऊल दिसलं. कुणाला दिसलं, कुणामुळे दिसलं, हे विचारायची वाक्याला गरजच पडत नाही. ‘पाहणं’मध्ये माणूस पुढे येतो. मी पाहिलं, त्यांनी पाहिलं. जबाबदारी नावावर पडते. आणि ‘दाखवणं’ तीन जणांशिवाय पुरं होत नाही. दाखवणारा, ज्याला दाखवलं तो आणि जे दाखवलं ते. दादांनी मला पाऊल दाखवलं. यातला दादांचा ‘नी’ काढला की वाक्य लंगडतं.

मराठीतलं रानाविषयीचं ललित लेखन मी वर्षानुवर्षं आवडीनं वाचत आलो आहे. या प्रवासानंतर ते पुन्हा काढून बसलो आणि या वेळी प्राणी सोडून क्रियापदं मोजत गेलो. जे हाती आलं ते इथे मांडतो.

सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांपासून. मराठी रानलेखनातल्या ‘पाहणं’ या क्रियापदाचे ते धनी. ते चित्रकार होते, आधी हातात बंदूक घेऊनही रान फिरलेले होते, आणि दोन्ही सवयींनी त्यांच्या गद्याला एक शिस्त दिली आहे. आधी नीट बघायचं, मग कमीत कमी शब्दांत उतरवायचं. ‘नागझिरा’ या पुस्तकात तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या त्या अरण्यात ते जाऊन राहतात. फेरफटका मारून परतायचं नाही, मुक्काम करायचा, हा त्या पुस्तकाचा कणा आहे. प्राणी समोर आला नाही तरी पानं रिकामी राहत नाहीत, कारण बघणारा माणूस शाबूत आहे आणि त्याचं बघणं हाच विषय आहे. ‘सत्तांतर’मध्ये ते आणखी पुढे गेले. वानरांच्या टोळ्यांची ती कादंबरी. तिला 1983 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिथे पाहणारा पानावरून उठून गेला आहे आणि वानरंच उरली आहेत. एवढं निखळ पाहणं मराठीत दुसऱ्या कुणाला साधलं असं मला वाटत नाही.

पण याच निखळपणाची एक किंमत आहे. एकट्यानं पाहणारा लेखक वाचकाला पटतो तो एकटा आहे म्हणून. त्याच्या बाजूनं चालणारं माणूस जितकं ठळक होईल तितका हा एकटेपणा विरघळतो. म्हणून अशा गद्यात सोबती असतो, चहा करतो, लाकडं आणतो, वाट दाखवतो. पण अरण्य वाचून सांगायची वेळ आली की ते लेखकाच्या डोळ्यांतून येतं. माडगूळकरांवर हा आरोप नाही. ‘बनगरवाडी’ लिहिणाऱ्या माणसाला धनगरांचं ज्ञान कळत नव्हतं असं कोण म्हणेल? मला प्रकाराच्या अंगभूत मर्यादेकडे बोट दाखवायचं आहे. रानातल्या एकांताचं गद्य लिहायला बसलं की दुसऱ्या माणसाचे डोळे उसने घेतल्याची नोंद करणं अवघड जातं.

मारुती चितमपल्लींपाशी चित्र पालटतं. 2025 च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना ‘अरण्यऋषी’ म्हणून निरोप दिला. ही उपाधी त्यांच्या हयातीतच रूढ झाली होती. मला ती त्यांच्यावर अन्याय करणारी वाटते. ऋषी एकटा तप करतो आणि त्याला मंत्र दिसतात. पुन्हा तेच ‘दिसणं’. चितमपल्ली वनखात्यातले अधिकारी होते, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा ठिकाणी त्यांनी नोकरी केली, आणि त्यांच्या पुस्तकांचं खरं वैशिष्ट्य हे की ते सतत कुणाकडून तरी शिकत असतात. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार त्यांच्या लेखनात नावानिशी येतात. तलावाकाठची पाखरं ओळखणारा, त्यांच्या सवयी सांगणारा जाणकार म्हणून येतात. गोंड, माडिया, पारधी यांच्याकडून ऐकलेलं ते त्यांच्या खात्यावर जमा करतात. ‘शब्दांचं धन’ या त्यांच्या पुस्तकाचं नावच बघा. धन म्हटलं की ते कुणाकडून मिळालं हा प्रश्न आपोआप येतो. कावळ्यांच्या वसतीला काकागार आणि बगळ्यांच्या वीणवसाहतीला सारंगागार हे शब्द त्यांनी मराठीत रुळवले, त्याचं कौतुक सगळे करतात. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांच्या वाक्यांची रचना. तिच्यात ‘दाखवणं’ आणि ‘सांगणं’ ही क्रियापदं टिकून आहेत. तीन माणसांचं वाक्य त्यांनी मोडू दिलं नाही.

चितमपल्लींचीही एक अडचण आहे, ती लपवू नये. सांगणारा माणूस त्यांच्याकडे बहुधा ज्ञानाचा झरा म्हणून येतो. त्याचं रेशन, त्याचा दाखला, वनखात्याशी त्याची भांडणं पानाबाहेर राहतात. आणि लेखक त्याच खात्याच्या गणवेशात असताना हे बाहेर राहणं निव्वळ वाङ्मयीन निवड राहत नाही. कोण कुणाला काय सांगू शकतं, हे गणवेशही ठरवतो.

या दोघांनंतर रानाविषयीचं मराठी लेखन खूप वाढलं, त्यात चांगलंही आहे. कृष्णमेघ कुंटे यांचं ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ मला आजही ताजं वाटतं, कारण मदुमलाईच्या जंगलात राहिलेला तो मुलगा स्वतःच्या अडाणीपणाची टिंगल करत शिकतो. पण दिवाळी अंकांत आणि पुरवण्यांत येणारं सफारीचं सरासरी वर्णन घ्या. जीप, पहाट, थरार, चितळांचा इशारा आणि मग पट्टेदार राजाचं दर्शन. दर्शन म्हणजे दिसण्याचं देवघरातलं रूप. इथे पाहायला लागत नाही, शिकायलाही लागत नाही. पैसे आणि नशीब असलं की देव प्रकट होतो. ड्रायव्हर आणि गाइड यांची एका वाक्यात बोळवण होते, तीही दर्शन झालं तर. वाघ दिसला नाही तर लेखच लिहिला जात नाही.

आता थोडं मराठीबाहेर, कारण रानातल्या या वाक्याचा कर्ता फक्त आपल्याकडे हरवलेला नाही.

मी राहतो त्या मुलखावर इंग्रजीत जे पहिलं गाजलेलं लेखन झालं ते पायी चालणाऱ्या शिकाऱ्यांचं. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचं मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचं पुस्तक 1871 सालचं, रॉबर्ट स्टर्नडेल यांचं सिवनीवरचं 1877 सालचं. शिकारी पायी होता तोवर त्याचा जीव पुढे चालणाऱ्या गोंड-कोरकू मागकऱ्याच्या हाती होता, त्यामुळे तो माणूस या पुस्तकांत आहे. पण आहे तो जमातीचा नमुना म्हणून. मग किपलिंग आले. सिवनी न पाहताच त्यांनी ‘जंगल बुक’ लिहिलं, 1894 मध्ये. त्यात वाट दाखवण्याचं काम माणसाकडून काढून प्राण्यांकडे दिलं गेलं. रानाचा कायदा शिकवणारा गुरू म्हणजे बल्लू, म्हणजे आमचा भालू, म्हणजे अस्वल. मला हे फार अर्थपूर्ण वाटतं. गोंड वाटाड्याच्या जागी अस्वल आलं आणि जगभरच्या मुलांना ते पाठ झालं. वाटाड्या मात्र कुणाला आठवत नाही.

या अस्वलाची पाश्चात्त्य शास्त्रातली नोंदही चुकीनंच सुरू झाली. जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञानं 1791 मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा लांब नखांमुळे त्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथच्या कुळात बसवलं. इंग्रजी नावात तो स्लॉथ आजही चिकटून आहे. मोहाच्या झाडाखाली फुलं वेचणाऱ्या कुठल्याही बाईनं ही चूक एका वाक्यात दुरुस्त केली असती. तिला कुणी विचारलं नाही.

न दिसलेल्या प्राण्याचं जगातलं सर्वांत नावाजलेलं पुस्तक म्हणजे पीटर मॅथिसन यांचं ‘द स्नो लेपर्ड’. 1973 च्या हिवाळ्याच्या तोंडावर ते जॉर्ज शॅलर यांच्याबरोबर नेपाळातल्या डोल्पोत चालत गेले. हेच शॅलर दहा वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या कान्ह्यात हरणं आणि वाघ अभ्यासत होते. मॅथिसन यांना हिमबिबट्या दिसला नाही, आणि त्या न दिसण्याला त्यांनी झेन साधनेचा अर्थ दिला. पुस्तकाची कीर्ती त्यावरच उभी आहे. मला मात्र त्यातला तुकतेन हा शेर्पा अधिक अस्वस्थ करतो. वाटेत तो लेखकाला हळूहळू गुरूसारखा वाटू लागतो. प्रवास संपल्यावर दोघांनी काठमांडूजवळच्या बौद्धनाथला भेटायचं ठरतं. लेखक जातो, तुकतेन येत नाही. पुस्तकात दोघे जण दिसत नाहीत. पण समीक्षकांनी अर्थ काढले ते एकाच्याच न दिसण्याचे. बिबट्या न दिसणं हे अध्यात्म ठरलं. तुकतेन कुठे गेला, त्याला दुसरं काम मिळालं का, त्याला यावंसं वाटलं नाही का, हे प्रश्न अध्यात्मात बसत नव्हते.

इथे माझ्या विधानाला आक्षेप येणार, तो मीच घेतो. साहित्य म्हणजे आभारपत्रिका नव्हे. प्रत्येक ठशाखाली दाखवणाऱ्याचं नाव लिहीत बसलं तर गद्याचा जीव जाईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाटाड्याला पुढे आणण्याच्या नादात आपण त्याचा आणखी एक साचा करतो. रानाची भाषा जाणणारा, सुरकुतलेला, कमी बोलणारा आदिवासी. हा साचा पर्यटनाच्या माहितीपत्रकात आधीपासूनच छापलेला आहे. पायी सफारी विकली जाते ती याच माणसाच्या सोबतीचा अनुभव म्हणून. तर मग दाखवणाऱ्याला वाक्यात परत आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, मोहाच्या झाडाखाली सापडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा निघालो होतो. हे रान उद्यानाच्या गाभ्याबाहेरचं, गावांच्या वापरातलं. झाडांखालचा पाचोळा जाळून जागा साफ केलेली, आणि तिथे बायका-मुलं टोपल्या घेऊन फुलं वेचत होती. आम्ही बाजूला थांबलो. दादा पहिल्यांदाच जरा मोकळेपणी बोलले. वेचणाऱ्या माणसाला अंधार असतानाच निघावं लागतं, नाहीतर गुरं आणि हरणं फुलं संपवतात. अस्वलही त्याच वेळेला त्याच झाडाखाली असतं. त्याची नजर अधू, खाण्यात गुंग, माणूस अगदी जवळ आल्यावर दचकतं आणि तोंडावर धावून येतं. त्यांच्या गावातल्या एका माणसाचा अर्धा चेहरा असाच गेला आहे. मग मला म्हणाले, ‘‘हम तो जिंदगी भर इसलिए देख के चले कि भालू न मिले. आप लोग आते हो कि मिल जाए.’’ आणि हसले. टोमणा नव्हता, त्यांना खरंच गंमत वाटत होती.

रानलेखनावरची सगळ्यात नेमकी टीका मी त्या वाक्यात ऐकली. आमच्यासाठी दुर्मीळ असलेला प्राणी त्यांच्यासाठी टाळण्याचा विषय होता. ठसा, विष्ठा, वारूळ, ओरखडे हे सगळं वाचायला ते शिकले ते अस्वलापासून लांब राहण्यासाठी. तीच लिपी आता आम्हाला अस्वलाच्या जवळ नेण्यासाठी रोजंदारीवर वापरली जात होती. एकाच खुणेचे दोन उलटे अर्थ. ‘वारूळ उकरलेलं दिसलं’ या माझ्या वाक्यात त्यातला एकच अर्थ शिल्लक राहिला होता, माझा. म्हणजे कर्ता गाळला की फक्त नाव जात नाही, अर्थाची दुसरी बाजूच जाते.

आणि याच ठिकाणी मराठी समीक्षेची एक जुनी सवय मला आडवी येते. आपण रानाची पुस्तकं दोन फळ्यांवर ठेवतो. एका फळीवर निसर्गलेखन, म्हणजे माडगूळकर, चितमपल्ली, दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. दुसऱ्या फळीवर आदिवासी साहित्य, म्हणजे वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’, भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’. पहिल्या फळीवर आपण शैली, प्रतिमा, संवेदना यांविषयी बोलतो. दुसऱ्या फळीवर शोषण, विस्थापन, अस्मिता यांविषयी. चर्चासत्रं वेगळी, विशेषांक वेगळे. पण पहिल्या फळीवरच्या पुस्तकांत जो माणूस पुढे चालतो आहे, तोच दुसऱ्या फळीवर कवी म्हणून बोलतो आहे. एका ठिकाणी तो पाऊल दाखवतो, दुसऱ्या ठिकाणी ते रान त्याच्या हातून कसं गेलं ते सांगतो. सातपुड्याचं राष्ट्रीय उद्यान 1981 मध्ये झालं, पुढे व्याघ्र प्रकल्प आला आणि आतली कितीतरी गावं बाहेर हलवली गेली. ज्या मोकळ्या गवताळ मैदानांवर आज सांबर आणि गवे पाहून आपण हरखतो, त्यांतली काही त्या गावांची शेतं होती. मेश्रामांची कविता हातात धरून ‘नागझिरा’ वाचून पाहावा, आणि ‘नागझिरा’ हातात धरून मेश्राम. दोन्ही पुस्तकं बदलतात. माडगूळकरांच्या निरीक्षणाला इतिहासाचं वजन येतं, आणि मेश्रामांच्या कवितेतलं रान नुसतं घोषणेचं रान नाही, त्यात पानं, पाखरं आणि पायवाटा आहेत, हे नीट ध्यानात येतं. मेश्राम मराठीबरोबर गोंडीसारख्या भाषांतही लिहीत होते. म्हणजे ज्या भाषेत दादा रान वाचत होते त्या भाषेची मराठी कवितेत ये-जा सुरू होऊन काही दशकं लोटली. दखल आपण घेतली नाही.

दाखवणाऱ्यानं आपल्याकडेच बोट वळवलं तर काय होतं, हे पाहायचं असेल तर भज्जू श्याम यांचं ‘द लंडन जंगल बुक’ पाहावं. ते परधान गोंड चित्रकार, आमच्या बाजूच्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढचे. भिंती रंगवण्याच्या कामासाठी ते लंडनला गेले, आणि 2004 मध्ये आलेल्या या पुस्तकात त्यांनी ते शहर गोंड चित्रांच्या भाषेत उतरवलं. बिग बेनचं घड्याळ कोंबडा होतं, कारण वेळ सांगायचं काम त्याचंच. नावापासूनच किपलिंगला उत्तर आहे, पण आवाज कुठेच चढलेला नाही. मला वाटतं, हे रानसफारीचंच पुस्तक आहे. फक्त या वेळी रान आपलं आहे आणि चालणारा तो. आणि यात ‘दिसलं’ असं कुठे वाटत नाही. प्रत्येक पानावर एका माणसानं पाहिलं आहे आणि तो आपल्याला दाखवतो आहे.

मराठी समीक्षेचा एक लाडका शब्द आहे, मागोवा. नरहर कुरुंदकरांच्या एका लेखसंग्रहाचं नावच ते आहे. वाङ्मयीन प्रवाहाचा मागोवा, दशकाचा मागोवा. हा शब्द मुळात पावलांवरून माग काढणाऱ्यांचा. समीक्षकानं तो त्यांच्याकडून उचलला आणि परत केला नाही. निदान एवढं आपण करू शकतो. रानावरचं कुठलंही पुस्तक वाचताना ‘दिसलं’ या शब्दापाशी थांबायचं आणि विचारायचं, कुणी दाखवलं? त्याला त्या खुणेचा कोणता अर्थ ठाऊक होता? तो याच वाक्यात का नाही? प्रत्येक वेळी उत्तर मिळेलच असं नाही. पण प्रश्न विचारल्यानं ते पुस्तक दुसऱ्या फळीवरच्या पुस्तकांच्या शेजारी येऊन बसतं, आणि मला तेवढंच हवं आहे.

आता माझा हिशेब. निघायच्या दिवशी मी दादांना सांगितलं की मी या फिरण्यावर लिहिणार आहे, तुमचं नाव लिहितो. त्यांनी मान हलवली. ‘‘भालू तो दिखा नहीं, नाम काहे का लिखोगे?’’ मी समजावायचा प्रयत्न केला, ते पुन्हा नको म्हणाले. म्हणून नाव लिहिलेलं नाही. तेव्हा या लेखातही वाटाड्या बिननावाचाच आहे, आणि ज्या साच्याला मी वर नावं ठेवली त्याच्या तो बराचसा जवळ गेला आहे, हे मला दिसतं. म्हणजे, मला दिसतं म्हणण्याऐवजी, ते मला त्यांच्या त्या वाक्यानं दाखवलं. प्राणी दाखवला तरच माणसाचं नाव, हा बाजाराचा नियम त्यांना माझ्याआधी ठाऊक होता. आमच्या साहित्यानं तो नियम मोडला असता तर त्यांना माझी विनंती एवढी विचित्र वाटली नसती.

मी कुठला, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. रिछाई म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. ‘‘हमारा भतीजा वहीं है, फैक्टरी में. रिछाई में रीछ है क्या?’’ मी नाही म्हणालो आणि आम्ही दोघे हसलो. अधारतालचा तलाव ज्या राणी दुर्गावतीच्या दिवाणानं, आधारसिंहानं बांधला, ती गोंड राज्याची राणी. हे शहर ज्या गढ्याला लागून वाढलं ते तिच्या घराण्याचं. त्या लोकांतलाच एक मुलगा तलावापलीकडच्या एका शेडमध्ये पाळीवर काम करतो आहे.

परतल्यावर एका संध्याकाळी मी वसाहतीच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. पाळी सुटली. सायकली, मोटरसायकली, डबे लटकवलेली पोरं घोळक्यानं बाहेर पडू लागली. त्यांतला एक दादांचा पुतण्या असू शकत होता. मी एकदोघांना विचारायला उठलोही. मग लक्षात आलं की काय विचारणार? त्याचं नाव मी दादांना विचारलंच नव्हतं.